कॉन्स्टॅन्टिनोपलमार्गे सातारा

ज्याने जन्मात समुद्र पाहिलेला नाही, ज्याची लांबातली लांब धाव मामाच्या गावापर्यंत गेलेली आहे, अशा महाराष्ट्रातल्या कुठल्याही आठवीतल्या पोराला एक गोष्ट पक्की ठाऊक असते : १४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टॅन्टिनोपल जिंकले. आमच्या माणदेशात पाऊस कधी पडेल हे भल्याभल्यांना सांगता येत नाही, पण कॉन्स्टॅन्टिनोपल कधी पडले हे झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येते.

ते पडले म्हणून खुष्कीचा मार्ग बंद झाला. मार्ग बंद झाला म्हणून युरोपात मसाल्याचे पदार्थ मिळेनात. मसाले मिळेनात म्हणून वास्को द गामा १४९८ साली कालिकतला येऊन थडकला. त्याच्यामागून डच, इंग्रज, फ्रेंच अशी रांग लागली, आणि त्यातल्या इंग्रजांनी तागडी खाली ठेवून तलवार उचलली म्हणून आपण पारतंत्र्यात गेलो. मिरी-लवंगेपायी एवढा उपद्व्याप करणाऱ्या लोकांच्या जेवणातून पुढे मिरी-लवंग गेली कुठे, हे मात्र पुस्तकात दिलेले नसते.

आमच्या वर्गातल्या जगाच्या नकाशाला नेमके त्या जागी भोक पडले होते. दरवर्षी जूनमध्ये सरांच्या छडीचे टोक तिथे टेकायचे आणि बराच वेळ तिथेच राहायचे. तुर्कांनंतर ते शहर भेदले ते आमच्या सरांनीच. त्याच नकाशावर छडी सरकवून ती साताऱ्यावर टेकवावी, असे मात्र त्यांच्या मनात कधी आले नाही. जगाच्या नकाशात सातारा सापडला असता की नाही, ही गोष्ट वेगळी.

खरे तर आठवीला येईपर्यंत इतिहास या विषयाशी आमचे फार सख्य होते. चौथीत शिवछत्रपतींचे पुस्तक होते. त्यात माणसे घोड्यावर बसायची, कडे चढायची, आईचा आशीर्वाद घ्यायची. बाजीप्रभू खिंडीत पडले त्या दिवशी वर्गात निम्म्या पोरांनी शर्टाच्या बाहीला नाक पुसले होते. खानाचा शामियाना कसा होता, महाराजांनी अंगरख्याच्या आत काय घातले होते, आग्र्याच्या पेटाऱ्यात काय काय होते, सगळे तपशीलवार. पुढे आठवीत इंग्रज आले आणि पुस्तकातली माणसे संपून मुद्दे सुरू झाले. खान आला तो प्रतापगडाच्या पायथ्याशी पालखीतून आला. इंग्रज आले ते 'पुढील कारणांमुळे' आले.

मुद्दा हा प्राणी मोठा शहाणा असतो. तो कधी रडत नाही, घाबरत नाही, त्याला भूक लागत नाही आणि तो नेहमी गुणांच्या प्रमाणात असतो. प्रश्न दोन गुणांचा असेल तर साम्राज्याच्या विस्ताराची कारणे दोन, चार गुणांचा असेल तर चार. शेवटच्या पाच मिनिटांत वेळ उरली तर एखादे कारण जास्तीचे लिहायलाही हरकत नसे. 'जास्तीचं लिहिलं म्हणून कुणी मारत नाही,' असे सर सांगत.

मग यायच्या जोड्या. कॉर्नवॉलिस म्हटले की कायमधारा, वेलस्ली म्हटले की तैनाती फौज, बेंटिंक म्हणजे सतीबंदी, डलहौसी म्हणजे खालसा, रिपन म्हणजे स्थानिक स्वराज्य, कर्झन म्हणजे वंगभंग. लग्नघरात जशी कामे वाटून दिलेली असतात, कोणी पंगत बघायची, कोणी आहेर लिहून घ्यायचा, तसे हे लोक लंडनहून एकेक काम घेऊन येत आणि ते आटोपून परत जात, असाच आमचा समज होता. रिपन चांगला, कर्झन वाईट, हे ठरलेले. डलहौसीचे काही केल्या ठरत नसे, कारण तो दोन्हीकडे होता. त्याने रेल्वे आणली, तारायंत्र आणले, अर्ध्या आण्यात देशभर पत्र नेणारे टपाल आणले, आणि संस्थाने गिळली ती गिळलीच. त्याच्यावर टीप लिहायला आली की हुशार मुले खूश व्हायची. एका माणसावर इतके मुद्दे दुसरीकडे कुठे मिळायचे?

या सगळ्यात एकच लढाई आम्हाला माणसांनी लढलेली वाटली, आणि तीही पुस्तकामुळे नव्हे. प्लासी. पुस्तकात होते की मीर जाफर फितूर झाला आणि सिराज उद्दौला हरला. आमच्या सरांची स्वतःची शेती होती. ते म्हणाले, 'पोरांनो, तारीख बघा. २३ जून १७५७. म्हणजे काय दिवस असतील?' एकजण म्हणाला, 'पेरणीचं, सर.' सर खूश झाले. मग त्यांनी पुस्तक मिटले आणि आमराई उभी केली. इकडे क्लाइव्हची तीनेक हजार माणसे, तिकडे नवाबाची पन्नास हजारांच्या आसपास. दुपारी आभाळ फुटले. इंग्रजांनी दारूगोळ्यावर झटक्यात ताडपत्र्या ओढल्या. नवाबाची दारू भिजून चिखल झाली, तोफा बंद पडल्या. इंग्रजांच्याही बंद पडल्या असणार, असे समजून नवाबाचे घोडेस्वार पुढे आले आणि तोफांच्या तोंडी सापडले.

'आता बोला,' सर म्हणाले, 'फितुरी तर होतीच. पण एक ताडपत्री असती तर?' त्या दिवशी वर्गाबाहेरही पाऊस होता आणि आमच्यापैकी बऱ्याच जणांची दप्तरे वरून ओली झाली होती. सरांनी त्यावरही एक नजर टाकली. नंतर चाचणीत मी प्लासीच्या पराभवाचे पहिले कारण 'ताडपत्री' असे लिहिले होते. सरांनी त्याला अर्धा गुण दिला आणि समासात बारीक अक्षरात लिहिले : 'बोर्डात लिहू नको.'

सरांना काय शिकवायला आवडते आणि काय शिकवावे लागते, यातले अंतर मला त्या समासात पहिल्यांदा दिसले. शिक्षकांना नावे ठेवायची सोपी सवय मला म्हणूनच लागली नाही. आठवीच्या एका पुस्तकात युरोपातल्या प्रबोधनापासून महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेपर्यंत सगळे बसवायचे, शेपटाला नागरिकशास्त्र, आठवड्याला मोजक्या तासिका, त्यात गॅदरिंग, स्पर्धा आणि वर्गात मध्येच येणाऱ्या नोटिसा. एवढ्यात मुद्दे नाहीत तर काय करणार?

पण सगळ्यांत गमतीचे असायचे ते 'परिणाम'. पानाच्या मधोमध पट्टीने उभी रेघ मारायची. डावीकडे इंग्रजी सत्तेचे अनुकूल परिणाम, उजवीकडे प्रतिकूल. रेल्वे डावीकडे, उद्योगधंद्यांचा ऱ्हास उजवीकडे. पाश्चात्त्य शिक्षण डावीकडे, शेतीचे दारिद्र्य उजवीकडे. चार विरुद्ध चार, असा दीडशे वर्षांचा सामना दरवर्षी बरोबरीत सुटायचा. कुणाच्याच वहीत तो कधी पाच-तीन झाला नाही.

आता रेल्वेचेच घ्या. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. चौदा डबे, चारशे निमंत्रित आणि साहेब, सिंध, सुलतान अशा भारदस्त नावांची तीन इंजिने. चौतीस किलोमीटरांसाठी तीन इंजिने! हे सगळे रेघेच्या डावीकडे गेले. कॉलेजात गेल्यावर कळले की या रेल्वे कंपन्यांच्या भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी सरकारने दिलेली होती, आणि कमाई कमी पडली तर ती भरपाई हिंदुस्थानच्या तिजोरीतून व्हायची. म्हणजे फायदा झाला तर इंग्लंडातल्या भागधारकाचा आणि तोटा झाला तर इथल्या शेतसारा भरणाऱ्याचा. मग ही रेल्वे रेघेच्या कुठल्या बाजूला लिहायची? मी सुट्टीत गावी गेलो तेव्हा सरांना गाठून विचारले. ते निवृत्त झाले होते, गोठ्यात वैरण टाकत होते. म्हणाले, 'रेघेवर लिही.' आणि थोड्या वेळाने, 'पण तू आता आठवीत नाहीस, हे बरं झालं.'

शेतीचे दारिद्र्य हा उजवीकडचा मुद्दा तर मला नेहमी उगाच दिल्यासारखा वाटायचा. शेती दरिद्री असते हे सांगायला इंग्रज कशाला हवेत, आमच्या घरी रोजच होते. पण त्या दोन शब्दांच्या मागे केवढे प्रकरण आहे पाहा. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले म्हणून तिथला कापूस विलायतेला जाईना. जाईना म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शेतकऱ्याची पत वाढली, सावकाराने सैल हाताने कर्जे दिली. १८६५ला युद्ध संपले, भाव कोसळला आणि त्याच सुमारास सरकारने फेरपाहणी करून शेतसारा वाढवला. शेवटी १२ मे १८७५ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या घरांवर गेले. त्यांना पाहिजे होते कर्जरोखे. कागद मिळाले की ते होळी करीत, आणि माणसांना शक्यतो हात लावत नसत. कॉन्स्टॅन्टिनोपलइतकीच 'म्हणून-म्हणून'ची साखळी इथेही आहे, आणि तिचे दुसरे टोक एसटीने दुपारपर्यंत गाठता येते. आमच्या वर्गातल्या एका मुलाचे आजोळ सुप्याजवळ होते. त्याला हे माहीत नव्हते. आजोळी नुसत्या बोरांसाठी जायचा.

वसाहतीच्या इतिहासाचा खरा तास आमचा झाला तो सहलीत, आणि तो तास आहे हे कुणाच्याच लक्षात आले नाही. सहल अर्थात महाबळेश्वरला. पहाटे साडेचारला लाल गाडी, घरून बांधून दिलेल्या पुऱ्या, पसरणीच्या घाटात ओकणारी ठरलेली चार पोरे. मग दिवसभर पॉइंट. एल्फिन्स्टन पॉइंट, आर्थर सीट, लॉडविक पॉइंट, विल्सन पॉइंट, केट्स पॉइंट. जे एल्फिन्स्टन पुस्तकात पाठ होत नव्हते, ते इथे कठड्याला टेकून पाठ झाले. गाइडने आर्थर मॅलेटची गोष्ट सांगितली : बाणकोटच्या खाडीत त्याची बायको आणि मूल बुडाले, आणि तो इथे बसून खाली सावित्रीकडे बघत राहायचा. पोरे एकदम गप्प झाली. पुस्तकात एकाही इंग्रजाला बायको-मूल नव्हते. एवढ्यात माकडाने मॉनिटरच्या हातातला चण्याचा पुडा पळवला आणि ते दुःख तिथेच राहिले.

परत येताना बसमध्ये मागच्या बाकावरून प्रश्न आला, 'सर, आपण इंग्रजांना घालवलं ना? मग सगळे पॉइंट त्यांच्याच नावाचे कसे?'

सर म्हणाले, 'माणसं परत गेली. पॉइंट कोण उचलून नेणार?'

तेव्हा त्यांनी हे सांगितले नाही, आणि त्यांना तरी कुणी सांगितले असेल, की ही जागा इंग्रजांकडे गेली ती साताऱ्याच्या महाराजांकडून. १८२९ साली छत्रपती प्रतापसिंहांनी महाबळेश्वरची ती जमीन कंपनी सरकारला दिली आणि बदल्यात खंडाळा हे गाव घेतले. घाटातले थंड हवेचे खंडाळा नव्हे, आमच्याच जिल्ह्यातले. गव्हर्नर माल्कम होता, म्हणून पेठेचे नाव माल्कम पेठ. वीस वर्षे उलटायच्या आत ज्यांचे राज्य खालसा झाले, ते महाराज इंग्रजांना उन्हाळ्याची जागा देतात आणि एक गाव घेतात. याला अनुकूल परिणाम म्हणायचे की प्रतिकूल?

हे प्रतापसिंह महाराज शाळेत आम्हाला जवळजवळ भेटलेच नाहीत. पेशवाई १८१८ला संपली की सातवीचे पुस्तक मिटते, आणि पुढे साताऱ्याचे नाव येते ते एकदम डलहौसीच्या यादीत : १८४८, सातारा खालसा. रिकामी जागा भरा, एक गुण. मधल्या तीस वर्षांत साताऱ्यात राजा होता, दरबार होता आणि दरबारावर लक्ष ठेवणारा एक साहेबही होता, हे त्या रिकाम्या जागेत मावत नाही.

त्या साहेबाचे नाव जेम्स ग्रँट डफ. कंपनीने त्याला साताऱ्यात बसवले ते तरुण महाराजांच्या राज्याची घडी लावायला. ती लावता लावता त्याने बखरी, सनदा, दफ्तरे गोळा केली आणि १८२६ साली लंडनला मराठ्यांचा तीन खंडी इतिहास छापला. पुढे कॅप्टन डेव्हिड केपनने त्याची मराठी बखर तयार केली आणि ती शाळांतून गेली. म्हणजे ज्या पोरांच्या आजोबांनी खर्ड्याच्या लढाईत घोडी दामटली, ती पोरे आजोबांच्या लढाया साहेबाच्या पुस्तकातून पाठ करू लागली. त्यांतली काही आजोबांना चुका दाखवायला गेली असतील. पोरे तेव्हाही पोरेच होती.

ग्रँट डफ मेहनती होता, हे त्याच्याशी भांडणाऱ्यांनीही मान्य केले. पण मराठे उठले कसे, तर सह्याद्रीच्या रानात वाळल्या गवताला वणवा लागतो तसे, असे त्याचे म्हणणे पडले. आता वणव्याला 'कारणे द्या' लागू होत नाहीत. ठिणगी पडते आणि गवत जळते. इंग्रज हिंदुस्थानात आले त्याला कॉन्स्टॅन्टिनोपलपासून कारणे, आणि आमचे आपले नुसते गवत! नीळकंठ जनार्दन कीर्तने या कॉलेजात शिकणाऱ्या मुलाने १८६०च्या दशकात ग्रँट डफवर टीका लिहिली, आणि न्यायमूर्ती रानड्यांनी १९००च्या ग्रंथात वणव्याला सविस्तर उत्तर दिले. मराठीत इतिहासाचा अभ्यास म्हणून जे काही उभे राहिले, त्यातले पुष्कळसे एका पाठ्यपुस्तकाच्या रागातून उभे राहिले. मला हे फार आवडते. पुस्तकाचा इतका राग यायला ते आधी लक्ष देऊन वाचलेले असावे लागते.

प्रतापसिंहांचे पुढे काय झाले? १८३९ साली कंपनीने त्यांच्यावर कटाचे आरोप ठेवून त्यांना गादीवरून काढले आणि काशीला पाठवले. आणि त्यांचे वकील म्हणून रंगो बापूजी गुप्ते विलायतेला गेले. लंडनमध्ये हा माणूस १८५३पर्यंत राहिला. तेरा-चौदा वर्षे. अर्ज केले, कंपनीच्या भागधारकांसमोर बाजू मांडली, पार्लमेंटच्या सभासदांचे उंबरे झिजवले. १८४७ला महाराज काशीत वारले. १८४८ला राज्यच खालसा झाले. ज्याची गादी मागायची तो माणूस नाही आणि जी मागायची ती गादी नाही, तरी रंगो बापूजी तिथेच. लंडनचे ते १८५१चे जगप्रसिद्ध प्रदर्शन भरले तेव्हाही तिथेच. ज्या वर्षी इकडे ठाण्याची गाडी सुटली, त्याच वर्षी ते रिकाम्या हाताने परत निघाले. सत्तावन्नात साताऱ्यात उठावाची जुळवाजुळव उघडकीला आली. गेंडामाळावर सतरा जणांना देहदंड झाला, कुणाला फास, कुणाला तोफ, कुणाला गोळी. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजी स्वतः निसटले. सरकारने बक्षीस लावले, पण ते कुणाला सापडले नाहीत. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी त्यांच्यावर आणि महाराजांवर जाडजूड पुस्तक लिहिले आहे. शाळेत मात्र त्यांच्या वाट्याला चार ओळी आल्या तरी पुष्कळ.

सातारकरांनी रुसावे तर गोव्याकडे बघावे. आमच्या पुस्तकात पोर्तुगीज १५१०ला अल्बुकर्कबरोबर गोव्यात शिरायचे आणि पुस्तक संपता संपता १९६१च्या डिसेंबरात बाहेर पडायचे. मधली साडेचारशे वर्षे ते काय करत होते, याची चौकशी नव्हती. वसईला चिमाजीअप्पांनी त्यांना बदडले, एवढा एक दिलासा. माझ्या एका फोंड्याच्या मित्राचे आजोबा पोर्तुगीज शाळेत शिकलेले. त्यांना पोर्तुगालच्या नद्या तोंडपाठ होत्या आणि म्हातारपणी ते नातवाला त्या म्हणून दाखवत. नातू त्यांना कॉन्स्टॅन्टिनोपल म्हणून दाखवायचा. असे दोघे संध्याकाळी व्हरांड्यात बसून एकमेकांना लांबलांबची गावे ऐकवत.

आता माझी पुतणी आठवीत आहे. पुस्तक बदलले आहे. चित्रे आली, रंग आले, चौकटीत 'करून पहा' आले. तिला उपक्रम होता : आपल्या परिसरातील ब्रिटिशकालीन वास्तूची किंवा व्यक्तीची माहिती मिळवा. सगळा वर्ग स्टेशनरीच्या दुकानात गेला आणि मुंबईच्या व्हीटी स्टेशनची रंगीत प्रिंट घेऊन आला. साताऱ्यात बसून परिसर म्हणून व्हीटी! दुकानदाराने गठ्ठाच काढून ठेवला होता. 'आठवी ना? पंधरा रुपये,' एवढेच विचारायचा.

पुतणीने रंगो बापूजी घेतले. मीच भरीला घातले. ती आठ दिवस माझ्यामागे होती. ते तिकडे जेवायचे काय? मराठी बोलायला कोणी होते का? महाराज गेल्याचे पत्र त्यांना किती दिवसांनी मिळाले असेल? पत्र यायच्या आधल्या दिवशी पण ते महाराजांसाठी भांडत असणार ना? मला यातल्या एकाचेही उत्तर धड देता आले नाही. एवढे प्रश्न मला डलहौसीबद्दल कधी पडले नव्हते, हे मी तिला सांगितले. ती म्हणाली, 'कोण डलहौसी? हां, ते खालसावाले.'

उपक्रमाला तिच्या सरांचा शेरा आला : 'छान. पण माहिती मुद्द्यांत लिहावी.' आणि मग घटक चाचणीत त्यांनीच हौसेने प्रश्न घातला : प्रतापसिंह महाराजांच्या मृत्यूनंतरही रंगो बापूजी लंडनमध्ये का राहिले? गुण चार.

पेपर झाल्यावर तिचा फोन आला.

'काका, तीन मुद्दे आले. चौथा सुचेना.'

'स्वामिनिष्ठा लिहायचीस.'

'ते पहिल्यात लिहिलं.'

'चिकाटी?'

'ते दुसऱ्यात. तिसऱ्यात न्यायावर विश्वास.'

'मग चौथ्यात काय लिहिलंस?'

'राग आला होता म्हणून.'

'कुणाचा?'

'सगळ्यांचा. इतकी वर्षं बोलतोय आणि कोणी ऐकतच नाही म्हणून. चालेल ना रे?'

पेपर अजून तपासून यायचे आहेत.